मधली नजर आणि कडेची अक्षरं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याचा फोन आला तेव्हा संयोजक मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर सध्या पानवालासुद्धा बोलतो. मी अक्षरांवर बोलते. गेली काही वर्षं माझं काम मोबाइलच्या पडद्यावर मजकूर कसा दिसावा, अक्षर केवढं असावं, कुठली सूचना कुठे यावी, याच्याशी संबंधित आहे. ते करता करता डोळ्यांबद्दल बरंच वाचावं लागलं. शिवाय आज पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या एका सरांमुळे हा विषय मला फार जवळचा झाला आहे. त्यांच्याबद्दल पुढे सांगते, त्यांची परवानगी घेतली आहे.

आधी एक प्रयोग. सभागृहात हे पडद्यावर दाखवलं होतं, स्मरणिकेत तीच ओळ छापली आहे. पान जरा जवळ धरा आणि मधल्या अधिक चिन्हावर नजर रोखा. नजर हलवायची नाही.

म               +               थमध

डावीकडचा म ओळखू येतो. उजवीकडचा, दोन अक्षरांच्या मध्ये सापडलेला म मात्र येत नाही. तिथे काहीतरी काळं आहे, रेघा आहेत, अक्षरंच आहेत, एवढं कळतं. पण कुठलं अक्षर ते सांगता येत नाही. दोन्ही म सारखेच मोठे आहेत आणि मध्यापासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे हे अक्षर लहान असल्यामुळे किंवा चष्मा नसल्यामुळे होत नाही. शेजारी नसते तर उजवीकडचा म दिसला असता. शेजाऱ्यांमुळे तो हरवला.

शास्त्रज्ञ याला 'गर्दी' असंच म्हणतात, आणि मला तो शब्द फार योग्य वाटतो. आपण डहाणूहून सकाळच्या लोकलने जाणारी माणसं, गर्दीत ओळखीचा चेहरा कसा हरवतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. १९७० मध्ये हॉलंडमधल्या हर्मन बौमा या संशोधकाने या गर्दीचं माप काढलं. कडेला असलेलं अक्षर ओळखायचं असेल, तर ते अक्षर नजरेच्या मध्यापासून जेवढं लांब असेल त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर नसावं. हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी म्हणजे साधारण दहा अंश. नजरेपासून एका मुठीवर असलेल्या अक्षराला दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी मूठ मोकळी जागा हवी. इतकी ऐसपैस जागा कुठल्या पुस्तकात असते? म्हणून पानावर नजर रोखली की आजूबाजूचा मजकूर नुसता राखाडी पट्टा होतो.

आता अंगठा पुढे करा. हात लांब असताना अंगठ्याच्या नखाची रुंदी साधारण दीड-दोन अंश भरते. आपल्या डोळ्याची खरी बारीक, अक्षर वाचणारी नजर जवळजवळ एवढीच आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी एक छोटा खळगा असतो, तिथे शंकूच्या आकाराच्या पेशी दाटीने बसलेल्या असतात. मध्यापासून लांब जावं तशी ही दाटी कमी होते. मेंदूतही तोच न्याय. पाहण्यासाठी जी जागा दिलेली आहे तिचा फार मोठा हिस्सा या एवढ्याशा मधल्या भागाने अडवलेला आहे. कडेचे प्रदेश मोठे, पण त्यांना निधी कमी. (तालुक्याच्या टोकाच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना हे पटकन समजेल.)

कडेची नजर अगदीच टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. मधल्या खळग्यात अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात, त्या कडेला असतात. थंडीत रानशेतच्या आकाशात कृत्तिकांचा पुंजका बघताना थेट रोखून न पाहता जरा बाजूला बघा, तो जास्त उजळ दिसतो. हलणारी वस्तूही कडेची नजर चटकन टिपते. बाई फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावर काय चाललंय ते त्यांना नुसती मान वळवली तरी कसं कळायचं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं त्यांनी आज सांगावं.

गर्दीचं घरचं उदाहरण द्यायचं तर वारली चित्राचं देते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला आपल्या पाड्यांतून जगभर गेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तारपा नाचाचं एखादं चित्र घ्या. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात घातलेल्या माणसांचं वेटोळं. तारपेवाल्यावर नजर ठेवा आणि नजर न हलवता भोवतीची माणसं मोजून दाखवा. जमत नाही. त्रिकोण दिसतात, लय दिसते, वेटोळं फिरतंय असं वाटतं, पण एक माणूस वेगळा काढता येत नाही. मला वाटतं, त्या चित्राची गंमत यातही आहे. मधला एक माणूस होतो आणि बाकी सगळा नाच होतो.

इथपर्यंत मी कडेच्या नजरेची मर्यादा सांगितली. पण मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. मध्यभागी काय चाललंय यावर कडेचं किती दिसणार हे ठरतं. डोळा तोच, अंतर तेच, अक्षर तेच. फक्त मध्ये काम वाढवलं की कडा आक्रसतात.

१९६५ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधा प्रयोग केला. मध्ये एक अक्षर आणि दोन बाजूंना एकेक अक्षर क्षणभर दाखवायचं. तिन्ही सारखी आहेत का, एवढंच सांगायचं. लोकांना ते जमत होतं. मग त्यांनी आजूबाजूला जास्तीची, कामाची नसलेली अक्षरं भरली, आणि कडेची ओळख कोसळली. बोगद्यातून बघावं तशी नजर झाली, असं त्यांनी म्हटलं. दहा वर्षांनी जपानमध्ये इकेदा आणि ताकेउची यांनी मधलं काम जाणूनबुजून सोपं-अवघड करून पाहिलं. मधलं जितकं अवघड, तितकं कडेचं उपयोगी क्षेत्र लहान.

मग यापेक्षाही चमत्कारिक गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. मार्क विल्यम्स, नॅन्सी कानविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मधल्या बिंदूवर नजर ठेवायला सांगून दोन वस्तू समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाखवल्या. मध्ये काहीच नव्हतं. तरी मेंदूचा जो भाग मधल्या नजरेसाठी राखलेला आहे, तिथे त्या कोपऱ्यातल्या वस्तूंची माहिती सापडली. ज्यांच्या मेंदूत ती जास्त ठळक, त्यांची उत्तरंही जास्त बरोबर. म्हणजे कडेला काही बारीक ओळखायचं असेल तर मेंदू ते मधल्या, जास्त बारकाईच्या जागी तपासायला आणतो असं दिसतं. पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं की वस्तू दाखवून झाल्यावर नेमक्या वेळी मध्ये भलतंच चित्र चमकवलं, तर कडेच्या वस्तूंची ओळख बिघडते. मला हे वाचून आपल्या शाळेचं ऑफिस आठवलं. गावात कुठेही काही झालं तरी कागद शेवटी त्याच एका टेबलावर येणार, आणि त्या टेबलावर दुसरं कुणी पसारा मांडून बसलं की सगळ्यांचं काम अडणार.

याचा वाचनाशी काय संबंध? वाचताना नजर ओळीवरून घसरत नाही, उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढची उडी. १९७५ मध्ये जॉर्ज मॅककाँकी आणि कीथ रेनर यांनी कॉम्प्युटरला डोळ्याची हालचाल मोजणारं यंत्र जोडलं. वाचणारा जिथे बघेल तिथल्या आसपासचीच अक्षरं खरी ठेवायची, बाकी सगळी बदलून टाकायची, आणि नजर सरकली की खिडकीही सरकवायची. ५० वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर! हा कार्यक्रम ज्याने लिहिला असेल त्याला माझा दंडवत. त्यातून आणि त्यानंतरच्या प्रयोगांतून कळलं की इंग्रजी वाचणारा माणूस नजरेच्या डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं उपयोगात आणतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे हे उलटं होतं. दोन्ही भाषा येणाऱ्या एकाच माणसाच्या बाबतीतसुद्धा भाषा बदलली की खिडकी बाजू बदलते. डोळ्यात काहीच बदललेलं नसतं; मधून लक्ष कुठल्या दिशेला पाठवायचं ते बदलतं.

आता शिक्षकांनी जरा माझ्याकडे बघावं. ज्या शब्दावर नजर आहे तो अवघड असेल तर पुढच्या शब्दाची कडेने मिळणारी चाहूल कमी होते, हे हेंडरसन आणि फरेरा यांनी १९९० मध्ये दाखवलं. त्याआधी १९८६ मध्ये रेनर यांनी लहान मुलांवर काम केलं होतं. नवशिक्या मुलांची खिडकी लहान असते, आणि चौथीच्या मुलांना त्यांच्या मानाने फार जड मजकूर दिला तर त्यांची खिडकी आणखी आक्रसते. म्हणजे 'दुष्काळग्रस्त' या शब्दावर अडकलेलं मूल त्या शब्दात वेळ घालवतंच, शिवाय पुढचा शब्द त्याला अचानक येऊन आपटतो. आपल्या वर्गात घरी वारली बोलणारी मुलं होती, गुजराती बोलणारी होती. पुस्तकातल्या मराठीचा प्रत्येक तिसरा शब्द त्यांना मध्यभागीच अवघड. त्यांना "सलग वाच, अडखळू नकोस" म्हणणं म्हणजे बैलाला ओझं वाढवून "पळ" म्हणण्यासारखं आहे. ओळखीचे शब्द वाढले की सलगपणा आपोआप येतो, असं माझं मत आहे.

यात आपल्याकडचंही संशोधन आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तेलुगू वाचणारे आणि मल्याळम वाचणारे असे दोन गट घेतले. एका गटाला जी लिपी येते ती दुसऱ्याला येत नाही. लिपी येणाऱ्यांना सुटी अक्षरं तर चांगली वेगळी करता आलीच, पण जोडीने आलेल्या अक्षरांची एकमेकांत होणारी सरमिसळही त्यांच्यात कमी होती. आणि ती किती कमी, यावरून माणूस किती अस्खलित वाचेल याचा अंदाज येत होता. वाचायला शिकणं म्हणजे एका अर्थी शेजाऱ्यांचा त्रास कमी करून घेणं.

तलासरीच्या पुढे हद्द ओलांडली की पाट्या गुजराती होतात आणि अक्षरांवरची शिरोरेषा जाते. आपल्यापैकी कित्येकांना दोन्ही लिप्या येतात, म्हणून विचारते: लांबून, बाजूने जाताना, कुठली पाटी लवकर कळते? माझा अनुभव असा की शिरोरेषेमुळे शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कडेच्या नजरेलाही कळतं, पण घ-ध, भ-म, थ-य यांच्यातला फरक नेमका त्या रेषेपाशीच असतो आणि तोच गर्दीत मरतो. नुकतीच बाराखडी शिकलेल्या मुलासाठी तक्ता करताना ही अक्षरं शेजारी शेजारी नको, आणि भरपूर मोकळी हवीत.

एक गोष्ट पैशाची. जलद वाचनाचे वर्ग चालतात, फी जबरदस्त असते. "डोळ्याच्या कडेने आख्खं पान एका नजरेत वाचायला शिकवतो" अशी जाहिरात असते. रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या दाव्यांचा सविस्तर आढावा घेतला. निष्कर्ष असा की वेग फार वाढवला की समज कमी होते, त्यातून पळवाट नाही. चाळणं वेगळं, वाचणं वेगळं. मुलांसाठी ते पैसे गोष्टीच्या पुस्तकांवर खर्च करा.

आणि एक गोष्ट जिवाची. चारोटी नाक्याहून गाडी हायवेला लागते, समोर मोबाइल लावलेला असतो, त्यावर मेसेज येतो. तुम्ही म्हणता, "मी रस्त्याकडेच बघत होतो, फक्त एक ओळ वाचली." ती ओळ वाचताना नजर दोन अंशांत अडकली आणि कडेने येणारा मोटारसायकलवाला त्या वेळेपुरता पुसला गेला. अमेरिकेत कार्लीन बॉल आणि सिंथिया ओस्ली यांनी वयस्कर चालकांची अशीच चाचणी घेतली: मध्ये काय आहे ते ओळखायचं आणि त्याच वेळी कडेला काय आलं तेही सांगायचं. १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात अपघातांशी नातं या चाचणीचं जास्त दिसलं. डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं किती वाचता येतात याचं कमी. चष्म्याचा नंबर नीट आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आता सरांबद्दल. तुमच्यापैकी काहींनी सकाळी दारात त्यांना नमस्कार केला आणि सरांनी ओळख दाखवली नाही. एकजण माझ्याजवळ म्हणालासुद्धा, "सर विसरले गं आपल्याला." सर काहीही विसरलेले नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मधला भाग, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, तो वयोमानाने झिजला आहे. मध्ये धुरकट डाग आहे, भोवतीचं दिसतं. म्हणून सर बांधावरून काठीशिवाय चालतात, वाटेतला दगड चुकवतात, अंगणात कोंबडी शिरली की हाकलतात. आणि त्याच माणसाला समोर उभ्या माणसाचा चेहरा ओळखता येत नाही, पेपर वाचता येत नाही. गावात काहीजण म्हणतात, "दगड दिसतो, मग माणूस कसा दिसत नाही? सोंग आहे." सोंग नाही. दगड चुकवायला कडेची नजर पुरते. चेहरा आणि अक्षर यांना मधली लागते, आणि ती कडेला मिळत नाही कारण तिथे गर्दी आहे. डोळे, नाक, तोंड हेही एकमेकांचे शेजारीच असतात.

सर बोलताना तुमच्या खांद्याकडे किंवा कानाकडे बघतील. तो अपमान समजू नका. तेव्हाच ते तुम्हाला सगळ्यात चांगलं बघत असतात. मधला डाग बाजूला सारून शाबूत राहिलेल्या भागावर तुमचा चेहरा आणण्याची ती सवय आहे, आणि ती मुद्दाम शिकवतातही. तुम्ही एवढंच करा: जवळ जा, आवाज द्या, आधी नाव सांगा. "ओळखलंत का?" असं विचारून परीक्षा घेऊ नका.

सरांसाठी मी फोनवर एक छोटा कार्यक्रम लिहिला. एका वेळी एकच शब्द, मोठा, काळ्यावर पांढरा. आधी माझ्या मनात होतं की अक्षरांत अंतर वाढवलं की काम होईल, गर्दीचा नियमच तसा आहे ना. पण सुझाना चुंग यांनी २००२ मध्येच दाखवलं होतं की नेहमीपेक्षा जास्त अंतर दिलं तरी कडेच्या नजरेने वाचण्याचा वेग वाढत नाही. शब्द विसविशीत होतो आणि त्याची टोकं आणखी कडेला जातात. सरावाने मात्र फरक पडतो. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात, निरोगी डोळ्यांच्या माणसांना काही दिवस कडेची अक्षरं ओळखण्याचा सराव दिला, तर कडेने वाचण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. सर आता रोज सकाळी थोडं वाचतात. ऐकायची सोयही करून दिली आहे, पण त्यांचं म्हणणं, "ऐकून कळतं गं, पण वाचल्यासारखं होत नाही." ज्या माणसाने आपल्याला वाचायला लावलं, त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मी आणखी काय बोलणार.

आपण सगळे आता चाळिशीपार आहोत, घरी आईवडील सत्तरीचे आहेत. म्हणून एक काम सांगते. घरी गेल्यावर त्यांना एक डोळा झाकून दाराची चौकट किंवा खिडकीचे गज बघायला सांगा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना एक डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो, म्हणून एकेकच. सरळ रेघ वाकडी, लहरत गेलेली दिसली किंवा मध्ये डाग दिसला तर "मोतीबिंदू असेल, पिकल्यावर बघू" म्हणून थांबू नका. या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यात पाणी-रक्त झिरपतं, आणि त्यावर वेळेत इंजेक्शनं सुरू झाली तर पुढचं नुकसान बहुतेक वेळा आवरता येतं. तिथे आठवड्यांनी फरक पडतो. नुसता चष्म्याचा नंबर काढू नका, डोळ्याचा आतला पडदा तपासून द्या असं डॉक्टरांना सांगा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार होण्याची शक्यता जास्त, हेही घरात सांगून ठेवा. कुणाला सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.

सातवीच्या वर्गात मी लॅपटॉप लावून ठेवला आहे. मधल्या चिन्हावर नजर, कडेला अक्षर, मग मध्ये बेरीज करत कडेचं अक्षर, अशी ती चाचणी आहे. जवळचा चष्मा घेऊन या. रेघा बघायचा चौकटीचा कागदही तिथे आहे, हवा त्याने घरी न्यावा. पण आधी जेवून घ्या, वाढपी मंडळी मघापासून माझ्याकडे बघतायत, आणि ते मला कडेच्या नजरेनेही स्पष्ट दिसतंय.